तो हॉल मीच लावला होता

सांगलीत इंटिरियरची कामं करतो, फार मोठी नाही, हॉल, किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब असलं. गेल्या महिन्यात गावभागातल्या एका जुन्या कस्टमरचा फोन आला, "दादा, आई हल्ली हॉलमध्ये बसतच नाही, एल शेपचा सोफा टाकूया का?" म्हटलं टाकूया की, आणि कोटेशन करूनच गेलो.

खरं सांगायचं तर तो हॉल मीच लावलेला. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा यांचा तळमजला बुडाला, आणि पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं युनिट फुगून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. नंतर सगळं नवं केलं. तेव्हा माझी अक्कल म्हणजे सगळं भिंतीला चिकटवायचं आणि मध्ये मैदान सोडायचं, हॉल मोठा दिसतो ना! फोटोत भारी दिसायचा, कस्टमर पण खूश.

गेलो तर आजी किचनच्या दारात प्लास्टिकच्या स्टुलावर. मुलगा म्हणाला ऐकू कमी येतंय, त्यामुळं गप्प असते. त्यांना म्हटलं आजी, जरा तुमच्या जागेवर बसा की. तर त्या सोफ्यात बसल्या आणि अक्षरशः बुडाल्या, गुडघे वर, उठताना सुनेनं हात दिला. सीट जेमतेम पंधरा इंच, आणि ती पण मऊ. मग मी टेप लावला, समोरच्या सोफ्यापर्यंत साडेदहा फूट! वर फॅन, कडेला टीव्ही. मला स्वतःलाच तिथनं बोलायला आवाज चढवावा लागत होता, म्हणजे कान चांगले असून.

आणि एक गोष्ट, जी मला आजवर कधी सुचलीच नव्हती. मी आजींच्या जागेवर बसून बघितलं तर समोर खिडकी, तिथं बसलेल्या माणसाचं तोंड सगळं काळं. ज्याला कमी ऐकू येतं तो ओठ बघून निम्मं समजून घेतो, आणि मी आजींना उजेडाकडं तोंड करून बसवलेलं. कानांचा दोष थोडा असेल, पण बराचसा माझ्या प्लॅनचा.

कोटेशन बॅगेतच ठेवलं. रद्दीचे पेपर मागवले, फरशीवर सोफ्याच्या मापानं पसरून दोन-तीनदा फिरवून बघितले (हे आधी करावं, नाहीतर सोफा ओढून कंबर जाते), मग दोन्ही सोफे भिंतीपासून पुढं ओढून समोरासमोर सहा-सात फुटांवर आणले, मागनं किचनकडं जायला तीन फूट वाट राखली, टीपॉय हात पोचेल असा दीड फुटावर. सुनबाई म्हणाल्या हॉल लहान वाटतोय. वाटतोयच, खोटं कशाला बोलू.

आजींसाठी मात्र काही बसेना. तेवढ्यात गॅलरीत एक सागवानी खुर्ची दिसली, वर कुंड्या. पुरात चार दिवस पाण्यात राहून पण सांधा हललेला नाही, मॅचिंग नाही म्हणून बाहेर काढलेली. कदाचित मीच काढायला लावली असेल, विचारायचं धाडस झालं नाही. पुसून आत आणली, सीट अठरा इंच, उठायला दोन्हीकडं हात. खिडकी आजींच्या पाठीशी येईल अशी ठेवली, फॅन दोन नंबरवर, टीव्ही बंद.

चहा आला. मुलगा आणि मी आपलं पुराचंच बोलत होतो, तो साध्या आवाजात म्हणाला की 2005 ला पण पाणी आलेलं, ह्याच खिडकीपर्यंत.

"खिडकीपर्यंत कुठं रे," आजी म्हणाल्या, "2005 ला दुसऱ्या पायरीवरच थांबलं, तू पुण्याला होतास, तुला काय माहीत."

मुलगा कप धरून तसाच बघत राहिला. मग आजी सुरूच झाल्या, धान्याचे डबे माळ्यावर कोणी चढवले, शेजारची म्हैस कुठं नेली, कोण मदतीला आलं आणि कोण नाही (नावासकट!). पाऊण तास. मला पुढं विश्रामबागला जायचं होतं, ते राहिलं.

निघताना मुलानं विचारलं एल शेपचं काय करायचं, म्हटलं तूर्त राहू दे. आतनं आजींचा आवाज, "कुंड्या कुठं ठेवल्यास गं?"