पावणेतीनचं भांडण

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पहिली पाळी सात ते तीन, आणि तीन दहाला बडोद्यात परतायची बस. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरून झालं.

पॅकिंगच्या लाइनवर एक औषध संपून दुसरं लागायच्या आधी क्वालिटीची सही लागते. तिला लाइन क्लिअरन्स म्हणतात. आधीच्या औषधाची एखादी गोळी, फॉइलचा तुकडा, कार्टन, माहितीपत्रक, काहीही मागे राहिलेलं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, कन्व्हेयरखाली टॉर्च मारायचा, मगच सही करायची. रक्तदाबाच्या खोक्यात मधुमेहाची स्ट्रिप गेली तर काय होईल हे सांगायला नको. नीट केलं तर याला पाऊण तास लागतो.

आणि आमचे प्रॉडक्शनचे सुपरवायझर मला पावणेतीनला बोलवायचे. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही म्हणते. अर्धवट टाकून निघावं तर दुसऱ्या पाळीची केमिस्ट पहिल्यापासून सुरू करणार, कारण मी पाहिलेल्यावर ती सही कशी करेल? थांबावं तर बस गेली. माझी ठाम समजूत झाली होती की हा माणूस मुद्दाम करतो. तरी वर्षभर मी तोंडातून शब्द काढला नाही. रिक्षाने घरी यायचं आणि नवऱ्यापुढे बडबड करायची. नंतर मेल सुरू झाले. भाईंनी एका मेलच्या सीसीत प्लांट हेडना घातलं, मी उत्तरात आणखी दोघांना घातलं. पंधरा पावलांवर बसणारी दोन माणसं एकमेकांना ‘विथ रिगार्ड्स’ लिहीत होती.

भडका उडाला तो नवरात्रात. अष्टमीची रात्र झालेली. बडोद्यात त्या दिवसांत कोण वेळेवर झोपतं? सकाळी सातला सगळ्यांचेच डोळे लाल. पावणेतीनला बोलावणं आलं. मी टॉर्च मारला तर कन्व्हेयरखाली आधीच्या औषधाचं घडी घातलेलं एक माहितीपत्रक. मी सही नाकारली. एरवी मला ‘बेन’ म्हणणारे भाई ऑपरेटरांसमोर म्हणाले, ‘मॅडमने बस देखाय छे, लाइन नथी देखाती.’ मी शेजारी उभ्या असलेल्या ट्रेनी मुलीकडे वळून मराठीत म्हणाले, ‘याला औषधातलं काय कळतंय, याला फक्त आकडे कळतात.’

‘मॅडम, मी दांडिया बाजारात वाढलोय,’ भाई म्हणाले. स्वच्छ मराठीत. दांडिया बाजार म्हणजे बडोद्यातली जुनी मराठी वस्ती.

सयाजीरावांच्या गावात जन्म काढून मी मराठी ही गुप्त भाषा समजत होते! मान खाली घालून मी पुन्हा टॉर्च मारत राहिले. दिसत काहीच नव्हतं.

प्रकरण एचआरकडे गेलं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी कायद्याने तक्रार निवारण समिती लागते, आमच्याकडेही आहे. पण आम्ही दोघंही सुपरवायझरच्या पगारातले, कायद्याच्या व्याख्येतले कामगार नव्हे, म्हणून तो रस्ता आम्हाला नव्हता. एचआरच्या बाईंनी आधी दोघांना एकेक प्रश्नावली दिली. थॉमस आणि किलमन या दोघांनी 1974 साली केलेली: वाक्यांच्या 30 जोड्या, प्रत्येकीतलं एक निवडायचं. त्यावरून माणूस वादात अडून बसतो, नमतं घेतो, टाळतो, तडजोड करतो की मिळून वाट काढतो ते ठरतं. माझं ‘टाळणे’ सगळ्यात वर आलं. मेलांची ती लढाई केल्यानंतर हे वाचून हसू आलं, पण खोटं नव्हतं. समोर जाऊन विचारायचं टाळायलाच तर मी मेल लिहीत होते. भाईंचं काय आलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. असल्या प्रश्नावल्यांवर माझा फार विश्वास नाही.

उपयोगी पडला तो बाईंचा एक साधा प्रश्न. दोघांना समोरासमोर बसवून त्यांनी भाईंना विचारलं, ‘पावणेतीनच का?’ वर्षभरात हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

भाईंनी डाउनटाइमचा तक्ता काढला. मशीन ज्या पाळीत बंद, ती मिनिटं त्या पाळीच्या नावावर. सव्वादोनला थांबवलं तर अख्खा पाऊण तास यांच्या माथी, पावणेतीनला थांबवलं तर पंधराच मिनिटं, उरलेली अर्ध्या तासाची धोंड दुसऱ्या पाळीच्या गळ्यात. महिनाअखेरीला प्लांट हेड तोच तक्ता समोर धरून बोलतात. दुसऱ्या पाळीचे सुपरवायझरही यावरून भाईंवर जळत होते हे मला तेव्हा कळलं. माझी बस त्या हिशेबात कुठे नव्हतीच.

बाईंनी तेव्हा मेरी पार्कर फॉलेट यांची गोष्ट सांगितली. 1925 सालच्या एका भाषणात या अमेरिकन बाईंनी हार्वर्डच्या ग्रंथालयातला प्रसंग सांगितला होता. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, यांना फक्त अंगावर येणारा वारा नको होता. फॉलेट म्हणतात, ही तडजोड नव्हे, कारण कुणी काही सोडलंच नाही.

आमची शेजारची खोली म्हणजे तक्त्यातला एक नवा रकाना. औषध बदलायचा वेळ वेगळा मांडायचा, कुठल्याच पाळीवर टाकायचा नाही. सोबत दोन गोष्टी: दुसऱ्या दिवशीची बॅचची यादी आदल्या संध्याकाळी क्वालिटीकडे, आणि मला बोलवायच्या आधी प्रॉडक्शनने उरलेली कार्टन, पत्रकं मोजून नोंदवायची. प्लांट हेडना वाटलं यात बंद मशीनचा वेळ लपवला जाईल. ते राजी होईपर्यंत तीन आठवडे गेले. मग फॉरमॅट बदलायच्या सह्या. औषध कंपनीत रकाना वाढवणं म्हणजे घराला मजला चढवण्यासारखं आहे.

तक्त्याने पावणेतीनचं कोडं सुटलं. पण ‘याला काय कळतंय’ हे काही तक्त्याने म्हटलं नव्हतं. बैठकीत मी त्याबद्दल माफी मागितली नाही, माणसं होती म्हणून. तेही टाळणंच. दिवाळीनंतर एकदा कँटीनमध्ये त्यांना एकटं गाठून म्हटलं, ‘भाई, त्या दिवशी मी बोलले ते चुकलंच.’ ते चहा ढवळत म्हणाले, ‘असू दे.’ स्वतःच्या टोमण्याबद्दल काही बोलले नाहीत.

आता सव्वादोनला बोलावणं येतं, बहुतेक वेळा. या महिन्यात दोनदा पावणेतीनला आलं, एकदा माझी बसही गेली. परवा लाइनवर गेले तर रजिस्टर आधीच उघडं होतं. ‘कन्व्हेयरखाली 1 पत्रक सापडले, काढले,’ भाईंच्या अक्षरात, खाली सही. मी तरीही टॉर्च मारलाच.