बरणीतल्या माशाचं देणं

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नमुन्यांची खोली माझ्याकडे आहे. तिथे खोल समुद्रातल्या माशांच्या बरण्या मोजक्याच. मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे, भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, इथे सुमारे ३०० किलोमीटर पसरलाय. त्यामुळे ससून डॉकला पहाटे बोंबील, मांदेली, माकूल, राणीमासा असं सगळं उतरतं, पण हजार मीटर खोलीवरचा मासा काही तिथे दिसत नाही. तो यायचा तर संशोधन जहाजावरूनच. म्हणून मुलांना या बरण्यांचं फार अप्रूप असतं, आणि कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, आता खाली कॅमेरे जातात ना? मग मारून वर आणायचा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देताना मी जपानजवळचं उदाहरण सांगते. २०२२ मध्ये इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एक स्नेलफिश कॅमेऱ्यात दिसला. इतक्या खोलवर त्याआधी कुणीही मासा पाहिला नव्हता. पण चित्रीकरणावरून त्याची प्रजाती काही ठरवता आली नाही, कुळ-वंशापर्यंतच गाडी गेली. त्याच मोहिमेत जपान गर्तेत ८,०२२ मीटरवर सापळ्यात दोन मासे आले, त्यांची मात्र प्रजाती सांगता आली. फक्त दोन मासे. पंखातले काटे मोजायचे, दात बघायचे, मणके तपासायचे तर मासा हातात लागतो. आणि उद्या कुणी म्हणालं की तुमची ओळख चुकली, तर पुन्हा उघडून बघायला तो बरणीत असावा लागतो.

दुसरं उदाहरण सांगताना मात्र मला स्वतःलाच जड जातं. ग्रीनलंड शार्कचं वय २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. २८ माद्यांच्या डोळ्यांच्या भिंगातला रेडिओकार्बन मोजून ते काढलं होतं. सगळ्यात मोठी, पाच मीटर लांबीची मादी निदान २७२ वर्षांची निघाली, आणि मादी वयात यायला दीडशेच्या आसपास वर्षं लागतात असा अंदाज आला. या प्राण्याला किती जपायला हवं हे त्या अभ्यासाने कळलं. पण जिवंत शार्कच्या डोळ्यातलं भिंग काढता येत नाही.

म्हणून 'नमुने गोळा करणं चूक' असं मी म्हणत नाही. 'विज्ञानासाठी सगळं चालतं' हे तर त्याहून मान्य नाही. कुठला मासा, किती, आणि कशाने धरला, यावर सगळं अवलंबून आहे.

अरबी समुद्रातला लँटर्नफिश घ्या. दिवसा कमी प्राणवायूच्या थरात खाली राहतो, रात्री खायला वर येतो. त्यातली बेंथोसेमा टेरोटम ही जात वर्षभरही जगत नाही आणि अफाट संख्येने आहे. तिचे मूठभर मासे घेतल्याने समुद्राचं काही बिघडत नाही. याउलट खोल पाण्यातल्या गल्पर मुशी, म्हणजे शार्कच. एका वेताला एक-दोनच पिल्लं. यकृतातल्या तेलासाठी त्यांची आधीच भरपूर शिकार झाली आहे. तिथे 'आमच्या संग्रहात नाही म्हणून एक हवी' हे कारण मला पुरेसं वाटत नाही. मासेमारीत मेलेली मिळते का बघा, दुसऱ्या संग्रहालयातली मागवा, कातडीचा छोटा तुकडा घेऊन सोडता येते का बघा.

साधनाचं तर कुणी बोलतच नाही. तळाला घासत ट्रॉल, म्हणजे ओढजाळं, ओढला की बरणीत जातो एक मासा, मरतं जाळंभर. ते बाकीचे आपल्या हिशोबात धरायला नकोत का? सापळा, गळ, किंवा पाण्याखालच्या यंत्राच्या शोषनळीने एकेक प्राणी उचलणं महाग आणि वेळखाऊ आहे खरं. पण हा खर्च मोहिमेच्या प्रस्तावात आधीच लिहायला हवा. आपली मत्स्य ६००० पाणबुडी तीन माणसांना घेऊन सहा हजार मीटरपर्यंत जाणार आहे. खिडकीतून समोर मासा दिसत असताना तो घ्यायचा की नाही, हे खाली गेल्यावर ठरवायची गोष्ट नव्हे.

आणि मासा डेकवर जिवंत आला तर? बऱ्याचदा पोटातली हवेची पिशवी फुगून जठर तोंडातून बाहेर आलेलं असतं, खालच्या थंडीतून तो अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात आलेला असतो. तो जगणार नाही. अशाला तसाच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, टाकणं क्रूर आहे, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. लवंगेचं तेल आधी थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळायचं, कारण ते नुसत्या पाण्यात विरघळत नाही, मग ते पाण्यात घालून त्यात मासा ठेवायचा. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही बराच वेळ तसाच राहू द्यायचा. फॉर्मालिनआधी स्नायूचा तुकडा अल्कोहोलमध्ये वेगळा काढायचा, नाहीतर पुढे डीएनए नीट मिळत नाही. तांदळाच्या कणीएवढा कर्णाश्म, म्हणजे माशाच्या कानातला खडा, काढून ठेवला तर त्यातल्या वलयांवरून वय कळतं. एकाच माशातून जेवढं मिळेल तेवढं घ्यायचं, म्हणजे दुसरा मारायची वेळ येत नाही.

मला खरा राग येतो तो चिठ्ठी नसलेल्या बरणीचा. एका संस्थेत खोल्या हलवताना कपाटभर नमुने फेकून दिलेले मी पाहिलेत. अल्कोहोल उडालेलं, मासे वाळून कडक झालेले. काही चिठ्ठ्या बॉलपेनने लिहिलेल्या, त्यामुळे अल्कोहोलमध्ये शाई कधीच धुऊन गेलेली. कुठे धरला, किती खोलीवर, कधी, काहीच उरलं नाही. तो मासा फुकट मेला. ब्रिटिशकाळातल्या 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर निसर्गअभ्यासक आल्फ्रेड अल्कॉक यांनी इथल्या समुद्रांतले खोल पाण्यातले मासे अभ्यासले, त्यांची सूची १८९९ मध्ये छापली. आज कुणी नवीन मासा धरून त्याला नाव द्यायला गेला तर त्याला त्या जुन्या वर्णनांशी ताडूनच पाहावं लागतं. नोंद शाबूत असली की एक मासा शंभरावर वर्षं कामाला येतो.

सध्या आम्ही कपाटं तपासतोय. चिठ्ठ्या जाड कागदावर पेन्सिलीने नव्याने लिहून बरणीच्या आत टाकतोय, जुनी चिठ्ठीही तिथेच ठेवतोय. काही बरण्यांवर फक्त स्टेशन नंबर, म्हणजे नमुना घेतल्याच्या जागेचा क्रमांक, आहे. तो नंबर समुद्रात नेमका कुठला, हे जहाजावरच्या वहीत असतं आणि वही बहुतेकदा त्या काळच्या संशोधकाच्या घरी. मुंबईत जिकडेतिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, माळे रिकामे होतायत, वह्या रद्दीत जातायत. तुमच्या घरी कुणी अशा जहाजांवर काम केलं असेल तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी वहीच्या पानांचे फोटो काढा आणि जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात नेऊन द्या. अक्षर लागत नसलं तरी चालेल, आकडे आम्ही लावू.