तुम्ही विचारलंत म्हणून: दम्याच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते का?

"इतक्या ल्हान पोराक पंप कित्याक? सवय लागात ना?" कुडाळ-मालवणकडे औषधाच्या दुकानात बसलं की पावसाळाभर हे ऐकावं लागतं. पाठोपाठ मागणी येते, त्यापेक्षा सिरप द्या.

मग सिरपचाच हिशोब करू. साल्ब्युटामॉल या श्वासनळी सैल करणाऱ्या औषधाच्या नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीला 2 मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम. चमचाभर सिरप म्हणजे वीस फवारे, तेही पोटातून रक्तात आणि तिथून सगळ्या अंगात. हात थरथरतात, छाती धडधडते. एवढं करून श्वासनळी तेवढ्यापुरती सैल होते, आतली सूज तशीच. सूज उतरवतो तो दुसरा पंप, बुडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा. तो दम लागलेला नसतानाही रोज घ्यायचा, आणि घेतल्याबरोबर काही जाणवत नाही म्हणून नेमका तोच बंद होतो. श्वासनळ्यांचा हळवेपणा कमी होत जायला महिने लागतात. औषध थांबलं की तो परत येऊ शकतो. दरवर्षी छपराचे नळे परतावे लागतात म्हणून घराला सवय लागली, असं कोण म्हणतं?

उंचीचं मी पूर्वी टाळायचो. लोक पंपच टाकून देतील ही भीती. तर ऐका: लहानपणी काही वर्षं रोज बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटरने कमी भरली, असं 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. हे लपवायला नको होतं.

आणखी एक चूक माझीच. पंपात औषध किती उरलंय ते बघायला धातूची डबी पाण्यात टाका, बुडाली तर भरलेली, तिरकी तरंगली तर अर्धी, असं मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं. सात वर्षांच्या एका मुलाचा स्टेरॉइडचा 200 फवाऱ्यांचा पंप जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे 50 दिवस. ऑगस्टच्या मध्यावर औषध संपलं. पण डबीत औषध बाहेर ढकलणारा वायू उरतो, त्यामुळे फुस्स आवाज येतो, फवारा दिसतो, आणि त्यात औषधाची मात्रा पुरी असेलच असं नाही. पाण्यात ती डबी तिरकी उभी राहिली. आजीने चोख पाहिलं होतं, मी शिकवल्याप्रमाणे. गणपती ऑगस्टअखेर. माळ्यावरून माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट, उतरवली, ट्रंकेतल्या दमट गोधड्या काढल्या, धूप लागला. रात्री मुलाची छाती वाजू लागली. तातडीचा साल्ब्युटामॉलचा पंप घरात होता, पण पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं प्लास्टिकचं नळकांडं, म्हणजे स्पेसर, नव्हता. फवारे जिभेवर आणि घशात बसले. पहाटे तालुक्याला नेऊन नेब्युलायझर, म्हणजे औषधाचं धुकं करून श्वासातून देणारं यंत्र, लावावा लागला.

आता डबी पाण्यात घालू नका, तोंडाला पाणी लागून ते चोंदतं. खोक्यावर सुरू केल्याची आणि संपायची तारीख लिहून देतो. मोजणीचा आकडा दाखवणारा पंप मिळाला तर उत्तम. पंप कोणता ते रंगावरून ठरवू नका, नाव वाचा.

स्पेसर मात्र हवाच, चार वर्षांखालच्याला मास्कसकट. पंप हलवायचा, उभा धरायचा, एकच फवारा, मग पाच-सहा संथ श्वास. दुसऱ्या फवाऱ्याआधी पुन्हा हलवायचा. दोन फवारे एकदम मारले तर औषध एकमेकांत आणि भिंतीला चिकटून जातं. स्पेसर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यायचा. पंच्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध तिथेच बसतं. आपल्याकडे पावसात तो वाळायला रात्रभर लागतो, म्हणून रात्रीच्या डोसनंतर धुवा. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकायची, मास्क असेल तर तोंडही पुसायचं, नाहीतर जिभेवर पांढरा बुरा येतो.

औषध कमी कधी करायचं ते डॉक्टर ठरवतील, साधारण तीन महिने दम नीट आवाक्यात राहिल्यावर. गणपतीच्या तोंडावर तरी नको.

ती आजी अजून सिरपच मागते. मी वीस फवाऱ्यांचा हिशोब सांगतो. ती म्हणते, "पाण्यातला पण तुमीच सांगितलास ना?"