रान कोणाचे?

दसरा ते दिवाळी या दिवसांत औशाजवळच्या आमच्या दुकानावर सोयाबीनची इतकी आवक असते की सकाळी लावलेला काटा रात्रीपर्यंत रिकामा होत नाही. अशाच एका दुपारी एक शेतकरी टेम्पोतून 24 कट्टे घेऊन आला. प्रत्येक कट्ट्यात मी तळापर्यंत परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, घातली, कारण ओला माल बहुधा तळाशीच असतो. दाणा दाताखाली कटकन तुटण्याऐवजी किंचित दबला आणि यंत्राने ओलावा 13.2 टक्के दाखवला. हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांची मर्यादा असते. त्याहून ओला माल थप्पीत मिसळला की थप्पी तापते, दाणा काळवंडतो आणि बुरशी धरते, म्हणून हे कट्टे मी बाजूला उतरवून घेतले. वजन 14 क्विंटल 40 किलो भरले, क्विंटलला 4,100 रुपयांचा भाव ठरला आणि 59,040 रुपयांपैकी 20,000 मी लगेच रोख दिले.

मालाची एवढी पारख केली, पण रान कोणाचे आहे हे मात्र विचारले नाही.

तासाभराने एक निवृत्त शिक्षक बटाईचा, म्हणजे पिकाच्या वाटणीवर रान कसायला दिल्याचा, कागद घेऊन आले. "माल माझ्या रानातला आहे. वाटणी झाल्याशिवाय विकायचा नाही असे ठरले होते," असे ते म्हणाले. शेतकरी मान खाली घालून उभा होता. "गुरुजी, मळणीवाला दारात बसला होता," एवढेच तो बोलला. मला त्याचा राग आला नाही, कारण मजुरी थकली की माणसाला वाटणीपर्यंत थांबणे परवडत नाही. तरीही चूक माझीच होती. 1930 च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. गुरुजींनी तक्रार केली असती, तर मला माल आणि रक्कम दोन्हींवर पाणी सोडावे लागले असते.

सुदैवाने कट्टे वेगळे होते, त्यामुळे माल कोणता यावर वाद उरला नाही. मावळतीपर्यंत बोलणे चालले. काढणी आणि मळणीचे 12,000 आधी वजा करून शेतकऱ्याला द्यायचे आणि उरलेले निम्मे-निम्मे वाटायचे, हे दोघांनाही पटले. मी दोन स्वतंत्र पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या पावत्या, केल्या. गुरुजींना 23,520 आणि शेतकऱ्याला आधीचे धरून 35,520 रुपये मिळाले.

आता काट्यावर माल चढण्याआधीच मी सातबारा मागतो. नाव दुसऱ्याचे असेल तर मालकाला फोन लावतो. इतर हक्कांच्या रकान्यात पीककर्जाचा बोजा दिसला तर पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत चौकशी करतो आणि तोवर पैसे हातावर ठेवत नाही. माल गोदामात तारण ठेवलेला असेल तर कर्ज फिटल्याचा कागद पाहिल्याशिवाय भावच बोलत नाही. यामुळे काही शेतकरी दुखावून शेजारच्या दुकानात जातात. बटाईवाला तो शेतकरी मात्र पुढच्या हंगामात गुरुजींना सोबत घेऊनच आला.