हप्ता नाही, तर मंग बिल कायचं?

आज काकाजींना यवतमाळात एका खाजगी दवाखान्यात नेलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत शेतकऱ्याला विम्याचा हप्ता भरावा लागत नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर. कागदावर झकास! पण मंजुरीआधीची सोनोग्राफी, रक्ततपासणी सगळी रोख. काकाजींनी बंडीच्या खिशातून रबर लावलेल्या नोटा काढल्या, कापसाच्या चुकाऱ्याच्या. काउंटरवरच्या पोरीनं राशनकार्ड मागितलं, तर हे म्हणतात, "सातबाराबी आणला वं बाई." (आपल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवावा लागायचा, तीच सवय.) ऑपरेशन योजनेत बसलं. तपासण्यांची पक्की पावती मागितली, तर "नंतर या". अन् येतानाचं गाडीभाडं, सोबत्याचं जेवण, बुडालेली मजुरी? त्याले कोणती योजना बाप्पा? उद्या आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठतो. पावती घेतल्याशिवाय काही हलत नाही मी.