खाडीचा वास

मानखुर्द सुटलं, गाडी पुलावर आली आणि डब्यात तो वास शिरला. ओहोटी होती. मी सवयीने ओढणी नाकाला लावली.

समोर पेंगत बसलेल्या मावशींनी मात्र डोळे उघडले, पायाखालची पिशवी उचलली. "आलं वाशी. ह्या वासानेच जाग येते मला, गजर लागत नाही."

चेहऱ्यावर चक्क समाधान! मुंबईत दिवसभर राबून परतणाऱ्या बाईला तो वास म्हणजे घर आलं. माझ्यासाठी मात्र, कधी एकदाचा हा पूल संपतोय.

तसा चिखलच तो. त्यात काय काय कुजतं, त्याचा गंधकाचा वायू. पण त्याच चिखलात फ्लेमिंगो चोच उलटी धरून जेवतात, आणि त्यांचा गुलाबी रंगही तिथल्याच शेवाळातून, बारीक जिवांतून येतो. २०२२ मध्ये ठाण्याची खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली तेव्हा मीही हौसेने गुलाबी फोटो टाकला होता. फोटोला वास नसतो, बरं असतं.

सांडपाण्याचा प्रश्न आहेच. मावशींच्या समाधानाने ते स्वच्छ होणार नाही. 'दृष्टिकोन बदला'वाल्यांशी माझं भांडण तिथेच आहे. पण मावशींनी कुठे काय बदललं होतं? त्यांना फक्त उतरायचं होतं.

तुमच्या वाटेवर आहे का असं काही, बाकीच्यांना नकोसं आणि तुम्हाला हवंसं?