साकेची सुरुवात जुनमाईपासून करा

सध्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, नादाला लागलोय. वाळूजला नोकरी, कंपनीतल्या बऱ्याच मशीनी जपानच्या, त्यामुळं आमच्यातलं कुणी ना कुणी ट्रेनिंगला तिकडं जाऊन येतं. विमानतळावर माणशी २ लिटरच दारू आणता येते, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो की बाबा मोठी बाटली नको, ३०० एमएलच्या वेगवेगळ्या आण. नवीन माणसानं असंच करावं, थोडं थोडं पण वेगवेगळं प्यावं.

साकेत अल्कोहोल साधारण १५-१६ टक्के, म्हणजे वाईनच्या जरा वर. शॉट मारायची चीज नाही ही, निवांत घोट घोट घ्यायची. बनते कशी ते वाचलं तेव्हा तर मला लईच भारी वाटलं. बियरसाठी सातूला मोड आणतात, त्यातून स्टार्चची साखर होते. पण साकेचा तांदूळ घासून पांढराशुभ्र केलेला, त्याला मोड कुठून येणार? मग वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी चढवतात, ती साखर करत राहते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. दोन्ही कामं एकदम चालू. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं ही कला वारशाच्या यादीत घेतली, घ्यायलाच पाहिजे होती.

बाटलीवर अल्कोहोलशिवाय अजून एक टक्का दिसतो, तो म्हणजे घासून उरलेला तांदूळ. त्यावरून साकेचे प्रकार पडतात, गिंजोला ६० किंवा कमी, दायगिंजोला ५० किंवा कमी. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रोटीन आणि फॅट जास्त, ते जितकं काढाल तितकी चव हलकी आणि वास फळांचा. दासाई ४५ नावाची दायगिंजो थंडगार प्यायलो तर खरंच सफरचंद, केळं असा वास आला. सुंदरच आहे, पण महाग, आणि माझं मन काय तिच्यात अडकलं नाही.

अडकलं ते साध्या जुनमाईत. जुनमाई म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली. फ्रीजमधून काढून प्यायलो तेव्हा आंबूस आणि बंद बंद लागली. मग पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला, साके एका छोट्या काचेच्या बाटलीत ओतून ती गळ्यापर्यंत पाण्यात ठेवली, दोनेक मिनिटं, बाटली हाताला छान गरम लागेपर्यंत. ४०-४५ डिग्री बास, उकळू द्यायची नाही. आणि काय सांगू, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येतो तसा वास, आंबटपणा गोल झालेला, शेवटी जिभेवर मटणाच्या रश्श्यासारखी खोल चव रेंगाळते. तीच बाटली बरं का!

जेवणाचंही तसंच. येसर आमटी आणि ज्वारीच्या भाकरीपुढं दायगिंजोचा नाजूक वास कुठल्या कुठं जातो, तिला भाजलेल्या शेंगा बऱ्या. गरम जुनमाई मात्र आमटीसोबत टिकते, नान खलियासोबत तर अजूनच. म्हणून माझं मत, टक्क्याच्या मागं न लागता आधी जुनमाई घ्या आणि एकच बाटली थंड, कोमट, गरम अशी तिन्ही तऱ्हांनी पिऊन बघा.

नामाझाके, म्हणजे पाश्चराइझ न केलेली, तिला सतत फ्रीज लागतो, आपल्या उन्हाळ्यात ती इथवर आणणं अवघडच. पुढच्या वेळी जाणाऱ्याला किमोतो आणायला सांगितलीय. तिच्यातलं लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेरून न घालता नैसर्गिकरीत्या तयार होऊ देतात, त्यामुळं ती जास्त आंबट असते आणि गरम करायला एकदम योग्य म्हणतात.